प्राध्यापक रेमंड पर्ल आणि थोड्या दारूचा हिशेब



चंद्रपूर व गडचिरोली ह्या आमच्या जिल्ह्यांत दारूचा विषय निघाला म्हणजे कोणीतरी शिकलेला मनुष्य एक गोष्ट अवश्य पुढे करतो. ती ही की, अतिशय दारू वाईट खरी. परंतु मापाने घेतलेली थोडी दारू हृदयास हितकर असते, आणि थोडी घेणारे लोक मुळीच न घेणाऱ्यांपेक्षा अधिक वर्षे जगतात, असे परदेशच्या शास्त्रज्ञांनी मोजून दाखवले आहे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपूर जिल्ह्यात ती १ एप्रिल २०१५ रोजी सुरू झाली व २०२१ साली उठवण्यात आली. ह्या सर्व वर्षांत बंदी असावी की नसावी ह्या वादात वरील गोष्ट वारंवार कानी आली आहे. आमच्या उपदेशक बंधूंस तिचे उत्तर देणे कठीण जाते. धर्माचे सांगावे, तर समोरचा मनुष्य म्हणतो की आम्ही शास्त्राचे बोलत आहोत.

तेव्हा शास्त्राचेच पाहू. थोड्या दारूच्या ह्या म्हणण्यास आकड्यांचा मोठा आधार ज्यांनी प्रथम मिळवून दिला, त्यांत अमेरिकेतील प्राध्यापक रेमंड पर्ल हे प्रमुख होत. प्राणिशास्त्र व संख्याशास्त्र ह्या दोन्ही विषयांत त्यांनी काम केले. त्यांचे चरित्र बोधप्रद आहे, म्हणून ते येथे थोडक्यात देतो.

रेमंड पर्ल ह्यांचा जन्म ३ जून १८७९ रोजी अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर प्रांतातील फार्मिंग्टन ह्या लहानशा गावी झाला. मुलाने ग्रीक व लॅटिन ह्या प्राचीन भाषा शिकाव्या अशी घरच्यांची इच्छा होती. परंतु डार्टमथ कॉलेजात गेल्यावर प्राणिशास्त्राची गोडी त्यांस लागली आणि भाषांचा अभ्यास मागे पडला. १८९९ साली ते पदवीधर झाले व १९०२ साली मिशिगन विद्यापीठाने त्यांस डॉक्टर ही पदवी दिली. पुढे ते युरोपात गेले व लंडन येथे कार्ल पिअर्सन ह्या विख्यात संख्याशास्त्रज्ञाजवळ शिकले. सजीव प्राण्यांचा अभ्यास मोजमापाने व गणिताने करता येतो, ही विद्या त्यांनी तेथे घेतली आणि जन्मभर तिचाच उपयोग केला.

१९०७ साली ते मेन प्रांतातील सरकारी शेतकी संशोधन केंद्रावर कामास लागले. तेथे त्यांच्याकडे कोंबड्यांचे काम होते. शेतकरी अधिक अंडी देणारी कोंबडी निवडून तिचीच पिल्ले वाढवीत, आणि अशाने कळपाचे उत्पन्न वाढत जाईल अशी आशा करीत. पर्ल ह्यांनी वर्षांमागून वर्षांच्या नोंदी तपासल्या, तो नुसत्या आईच्या अंड्यांवरून निवड करून कळप सुधारलेला नाही असे त्यांस आढळले. एखाद्या पक्ष्याची खरी किंमत त्याच्या संततीवरून कळते, असे त्यांनी दाखवून दिले. सर्वांनी गृहीत धरलेली गोष्टसुद्धा मोजून पाहावी, हा त्यांच्या स्वभावातील गुण येथे दिसतो.

ह्याच काळात त्यांनी कोंबड्यांस मद्यार्काची वाफ देऊन एक प्रयोग केला. अशा पक्ष्यांची संतती संख्येने कमी झाली. परंतु जी झाली ती दुबळी नव्हती, उलट बळकट दिसली. पर्ल ह्यांनी ह्याचे कारण असे लावले की, मद्यार्काने दुबळी बीजे आधीच मारली, म्हणून बळकट तेवढी मागे राहिली. वाचकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. उरलेले बळकट दिसतात, ते मद्यार्काने बळ दिले म्हणून नव्हे, तर दुबळे मोजणीतून आधीच गळाले म्हणून. पुढे ह्याचा उपयोग होणार आहे.

पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने अन्नपुरवठ्याचे एक खाते उघडले, त्याच्या आकडेमोडीच्या शाखेचे प्रमुख पर्ल होते. १९१८ साली बाल्टिमोर शहरातील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची नवी शाळा निघाली, तेथे ते प्राध्यापक झाले. १९१९ साली त्यांच्या प्रयोगशाळेस आग लागून पुष्कळ कागदपत्रे नष्ट झाली. तरी ते खचले नाहीत. १९२० साली लोवेल रीड ह्या सहकाऱ्यासह त्यांनी लोकसंख्या कशी वाढते ह्याचे एक गणिती सूत्र मांडले. त्यावरून अमेरिकेची लोकसंख्या सुमारे १९ कोटी ७० लाखांवर जाणार नाही, असे अनुमान त्यांनी केले. ते अनुमान खोटे ठरले. १९७० सालापूर्वीच ती मर्यादा ओलांडली गेली. परंतु ते सूत्र प्राणिशास्त्रात अजून शिकवले जाते.

पर्ल उंचपुरे, बोलके व मित्रांत रमणारे गृहस्थ होते. त्यांस संगीताचा नाद असून ते फ्रेंच हॉर्न नावाचे वाद्य वाजवीत. बाल्टिमोरमध्ये प्रसिद्ध लेखक मेंकेन ह्यांच्या भोवती एक मित्रमंडळ होते. ते शनिवारी रात्री जमून वाद्ये वाजवी व त्यानंतर बिअर पिई. १९२० पासून १९३३ पर्यंत सर्व अमेरिकेत दारूबंदी होती, तेव्हाही ह्या मंडळाचा क्रम चालूच राहिला. पर्ल त्या मंडळात होते व दारूबंदी त्यांस पसंत नव्हती. हे आम्ही निंदा म्हणून लिहीत नाही. परंतु ज्या गोष्टीचा मनुष्य हिशेब करतो, तीविषयी त्याच्या मनाचा कल कोणीकडे आहे हे वाचणाऱ्यास ठाऊक असावे. दारूबंदीच्या पुरस्कर्त्याचे आकडे वाचतानाही हाच नियम लावावा.

१९२६ साली, दारूबंदीचा वाद अमेरिकेत अगदी भरात असताना, पर्ल ह्यांनी दारू व आयुर्मान ह्या विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. बाल्टिमोरमधील श्रमजीवी कुटुंबांची माहिती घरोघर जाऊन जमवण्यात आली होती. तीवरून काही हजार माणसांचे वर्ग पाडले: मुळीच न पिणारे, बेताने पिणारे व अतिशय पिणारे. मग कोणत्या वर्गातील लोक किती वर्षे जगले ह्याचे कोष्टक केले. अतिशय पिणारे पुष्कळ लवकर मरतात, हे त्यात स्पष्ट दिसले. परंतु बेताने पिणारे हे मुळीच न पिणाऱ्यांपेक्षा किंचित अधिक जगलेले आढळले. फरक लहान होता. पण लोकांनी तोच धरून ठेवला. पुढे १९७४ साली कॅलिफोर्नियातील काही डॉक्टरांनी हृदयविकाराच्या रोग्यांविषयी अशाच प्रकारचे निरीक्षण प्रसिद्ध केले, आणि त्यानंतर तशा मोजण्या अनेक देशांत झाल्या. १९९१ साली अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात फ्रान्समधील लोकांच्या हृदयाचे रक्षण तांबड्या द्राक्षमद्याने होत असावे असे सांगितले गेले. तेव्हापासून ही गोष्ट जगभर पसरली व होता होता आमच्या आठवडी बाजारापर्यंत आली.

आता पर्ल ह्यांच्या आयुष्यातील दुसरी एक हकीकत ऐकावी. १९२९ साली त्यांनी जॉन्स हॉपकिन्स इस्पितळातील शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. कर्करोग असलेली ८१६ प्रेते व कर्करोग नसलेली ८१६ प्रेते अशी त्यांनी तुलना केली. पहिल्या वर्गात शेकडा ६.६ जणांस जिवंत क्षयरोग आढळला व दुसऱ्या वर्गात शेकडा १६.३ जणांस. ह्यावरून क्षयरोग हा कर्करोगापासून रक्षण करतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. एवढेच नव्हे, तर त्या आधारावर काही कर्करोग्यांस क्षयजंतूंपासून तयार केलेले औषध टोचण्याचा प्रयोगही झाला.

ह्यात चूक कोठे होती? आकडे खरे होते. तुलना खोटी होती. कर्करोग नसलेली जी प्रेते इस्पितळात आली होती, ती निरोगी माणसांची नव्हती. त्यांपैकी पुष्कळजण क्षयरोगानेच मेले होते. अर्थात त्या वर्गात क्षय अधिक दिसणारच. इतर संशोधकांनी हृदयरोगाने मेलेल्यांशी तुलना करून पाहिली, तेव्हा तो फरक नाहीसा झाला. त्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठात पर्ल ह्यांची मोठ्या जागेवर होऊ घातलेली नेमणूक फसली. त्यांच्या गणिती विचारात दोष आहेत असे सांगून विल्सन नावाच्या विद्वानाने तिला विरोध केला होता.

ह्या धक्क्यानंतरही पर्ल ह्यांनी काम सोडले नाही. १९३८ साली त्यांनी तंबाखूविषयी मोजणी प्रसिद्ध केली. तिच्यात ६,८१३ पुरुषांची माहिती होती. वयाच्या तिसाव्या वर्षी जिवंत असलेल्या शंभर पुरुषांपैकी साठाव्या वर्षापर्यंत किती उरतात हे त्यांनी काढले. मुळीच न ओढणारे सुमारे ६७ उरले, बेताने ओढणारे ६२ उरले, आणि अतिशय ओढणारे केवळ ४६ उरले. स्वतः मौजेचे भोक्ते असूनही त्यांनी हे आकडे लपवले नाहीत, ह्याबद्दल त्यांचा गौरव केला पाहिजे. त्या वेळी ह्या शोधाकडे फारसे लक्ष गेले नाही. १७ नोव्हेंबर १९४० रोजी, वयाच्या ६१ व्या वर्षी, पेनसिल्व्हेनिया प्रांतातील हर्शी येथे पर्ल मरण पावले.

एकाच मनुष्याने, एकाच विद्येने, तीन निष्कर्ष काढले. तिघांची पुढे काय गती झाली? तंबाखूचा निष्कर्ष दहा वाटांनी तपासला गेला व प्रत्येक वेळी अधिक पक्का झाला. क्षय व कर्करोग ह्यांचा निष्कर्ष पहिल्याच नीट तपासणीत कोसळला. आणि थोड्या दारूचा निष्कर्ष? जसजशी तपासणी बारीक होत गेली तसतसा तो झिजत गेला. तो कसा, हे आता सांगतो.

१९८८ साली इंग्लंडमधील शेपर नावाच्या प्राध्यापकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला. न पिणाऱ्यांच्या वर्गात कोण कोण मोजले आहेत? पाहिले तो त्या वर्गात जन्मात दारू न शिवलेले लोक तर होतेच. परंतु पूर्वी पिणारे व पुढे आजारामुळे सोडून दिलेले लोकही पुष्कळ होते. आपल्याच एखाद्या गावाची कल्पना करा. ज्याच्या पोटात पाणी झाले, ज्यास कावीळ झाली, ज्यास क्षयाची गोळी सुरू झाली व डॉक्टरांनी दारू बंद केली, तो आज पीत नाही. मोजणारा मनुष्य येतो व त्यास न पिणाऱ्यांत लिहितो. दोन वर्षांनी तो मरतो. मग कोष्टकात काय दिसणार? न पिणारे लवकर मरतात असे दिसणार! लंगडा झालेला बैल नांगराला न जुंपता गोठ्यात बांधून ठेवतात. म्हणून गोठ्यात उभे राहिल्याने बैल लंगडा होतो असे कोणी म्हटले, तर लहान मूलसुद्धा हसेल.

दुसरी गोष्ट. परदेशात जे लोक जेवणाबरोबर मापाने थोडे घेतात, ते बहुधा सुस्थितीतील असतात. त्यांचे अन्न चांगले, घर चांगले, डॉक्टर जवळ. ते अधिक जगले तर त्याचे श्रेय पेल्यास द्यावे की ताटास? तिसरी गोष्ट. उतारवयातील माणसांची मोजणी केली, तर दारूने तरुणपणीच मेलेले त्या मोजणीत येतच नाहीत. ही पर्ल ह्यांच्या कोंबड्यांचीच गोष्ट झाली: दुबळे गळाले, बळकट तेवढे मोजले गेले. २००६ साली कॅनडा व अमेरिका येथील संशोधकांनी आधीच्या अनेक मोजण्या पुन्हा तपासल्या. सोडून दिलेल्यांस न पिणाऱ्यांत मिसळण्याची चूक बहुतेक मोजण्यांत होती, आणि ज्या थोड्या मोजण्यांत ती नव्हती त्यांत थोड्या दारूचा फायदा दिसला नाही.

चीन देशात ह्याहून चांगली परीक्षा झाली. तेथील पुष्कळ लोकांत आईबापांकडून आलेला असा एक गुण असतो की, थोडी दारू घेताच तोंड लाल होते व जीव कासावीस होतो. म्हणून ते फार कमी पितात. हा गुण जन्मतःच येतो. तो आजारामुळे येत नाही व श्रीमंतीमुळेही येत नाही. २०१९ साली पाच लाखांहून अधिक लोकांच्या दहा वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. त्यांपैकी सुमारे १ लाख ६० हजार लोकांचा हा जन्मजात गुण तपासला होता. थोड्या दारूने पक्षाघातापासून रक्षण होते असे त्यात दिसले नाही. जितकी दारू अधिक तितका रक्तदाब व पक्षाघात अधिक, असेच दिसले. हृदयाच्या झटक्याविषयी स्पष्ट फायदाही दिसला नाही व स्पष्ट तोटाही दिसला नाही.

आणखी एक हकीकत पैशाविषयी आहे. अमेरिकन सरकारच्या आरोग्यसंस्थेने रोज एक पेला दारू हृदयास हितकर आहे काय, ह्याचा सुमारे दहा कोटी डॉलरांचा प्रयोग आरंभला होता. त्यातील बहुतेक पैसा दारूच्या कंपन्यांकडून यावयाचा होता. सरकारी चौकशीत असे निघाले की, अधिकाऱ्यांनी कंपन्यांकडे पैसा मागितला होता, आणि प्रयोगाची मांडणी फायदा दिसावा अशा बेताने होती. जून २०१८ मध्ये तो प्रयोग बंद करण्यात आला. गुत्तेवाल्याने दिलेल्या मापाने गुत्त्याचा माल मोजू नये, हे आमच्या खेड्यांतील माणसांस सांगावे लागत नाही.

न्यायाने बोलावयाचे तर हा वाद अगदी मिटला असे नाही. उतारवयाच्या लोकांत थोड्या दारूने काही आजार किंचित कमी होत असावे, असे म्हणणारे विद्वान अजून आहेत. परंतु दारू कर्करोग उत्पन्न करते, ही गोष्ट जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ सालीच ठरवली आहे. जानेवारी २०२३ मध्ये त्या संघटनेने असे जाहीर केले की, प्रकृतीस निर्धोक असे दारूचे कोणतेही माप सांगता येत नाही. तेव्हा एका पारड्यात संशयित फायदा व दुसऱ्यात ठरलेला तोटा, अशी ही तागडी आहे.

आता आमच्या जंगलातील जिल्ह्यांकडे वळू. परदेशच्या कोष्टकात थोडी दारू म्हणजे मापलेला एक पेला. आमच्याकडे माप कोठे आहे? मोहाच्या भट्टीची पहिल्या धारेची दारू व शेवटच्या धारेची दारू ह्यांचा जोर सारखा नसतो. बंदीच्या काळात चोरून आलेल्या बाटलीत काय आहे हे विकणाराही सांगू शकत नाही. मोहफूल हे गरिबांचे अन्न व उत्पन्न आहे. फुलास आम्ही दोष देत नाही. परंतु ज्या माणसाच्या अंगात हिवतापाने, क्षयाने, सिकलसेलने किंवा अन्नाच्या तुटवड्याने रक्त उरलेले नाही, त्यास सुखवस्तू परदेशी मनुष्याच्या कोष्टकाने उपदेश करणे हे शास्त्र नव्हे. त्यातून थोडी घेणारा थोड्यावर थांबेल, हे कोणत्या कोष्टकात लिहिले आहे? धानाच्या पैशातून पोराची वही घ्यावयाची की बाटली, हा हिशेब त्याच्या बायकोस पर्ल ह्यांच्याहून अधिक चांगला येतो. गडचिरोलीची बंदी १९९३ साली आली, तिच्यामागे अशाच खेड्यांतील स्त्रीपुरुषांची अनेक वर्षांची चळवळ होती. ती बंदी सर्वत्र पाळली गेली असे आम्ही म्हणत नाही. चोरटी दारू दोन्ही जिल्ह्यांत चालत आली आहे. परंतु पाळण्यात कसूर झाली ह्यावरून दारू हितकर ठरत नाही.

कोणी म्हणेल, पौलाने तीमथ्यास पोटाकरिता थोडा द्राक्षारस घ्यावयास लिहिले नाही काय? लिहिले. ते वारंवार आजारी पडणाऱ्या एका मनुष्यास प्रेमाने दिलेले औषध होते. त्या सल्ल्यावरून धडधाकट माणसाने रोजची सवय लावून घ्यावी असे होत नाही. त्याच पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीस प्रत्येक गोष्टीची पारख करण्याविषयीही लिहिले आहे. ती पारख विद्वानांच्या कोष्टकांनाही लागू आहे.

म्हणून आमच्या उपदेशक बंधूंनी शास्त्राचे नाव ऐकून गप्प बसू नये, व शास्त्राची निंदाही करू नये. पर्ल ह्यांची चूक शास्त्रानेच दाखवली आणि तंबाखूविषयी त्यांचा खरेपणाही शास्त्रानेच दाखवला. थोड्या दारूचे गुण कोणी वाचून दाखवू लागला, तर शांतपणे तीन प्रश्न विचारावे. न पिणाऱ्यांत कोणास मोजले? मोजणीचा पैसा कोणी दिला? आणि ज्यांस मोजले ते आमच्यासारखे होते काय? ह्या तीन प्रश्नांस कोणत्याही पदवीची गरज नाही. धानाची मोजणी चालू असताना पायलीवर डोळा ठेवणारा प्रत्येक शेतकरी ते विचारू शकतो.